पुढच्या फेरीला

"मायकन, आज तरी उतर बाई! कपबश्या काय पळून जाणारेत?" सोबत काम करणाऱ्या लिस्बेतने मागून तिच्या एप्रनची गाठ सोडलीच.

बोट डेन्मार्कच्या धक्क्याला, हेल्सिंगोरला टेकत होती. बोटीवरच्या उपाहारगृहात मायकनचा आज शेवटचा दिवस होता. सव्वीस वर्षांत तिने ही खाडी किती हजार वेळा ओलांडली असेल, पण पलीकडच्या जमिनीला तिचा पाय कधी लागला नव्हता. आम्हा स्वीडनच्या काठावरच्या लोकांना यात नवल वाटत नाही. वीस मिनिटांत पलीकडे जायचं, न उतरता परत यायचं, पुन्हा जायचं, मध्ये कॉफी आणि कोळंबीचा पाव. याला आम्ही ‘तूरा’ करणं म्हणतो. आमची कितीतरी लग्नं अशी तूरा करताना जमली, आणि मोडता मोडता सावरलीही. मायकनची तर सगळी नोकरीच तूरा होती म्हणा.

धक्क्यावर दोर झेलायला प्रेबेन असायचा. पिवळा रेनकोट, तोंडात पाईप. दोर खुंटाला गुंडाळला की वर बघून ओरडायचा,

"ए स्वीडनवाली! उतर खाली. खरी कॉफी पाजतो. तुमचं ते गरम पाणी पुरे झालं!"

"आधी तोंडातली लापशी गिळ, मग बोल! तुम्हा डेनिश लोकांचं अर्धं बोलणं घशातच राहतं."

"बरं, येतेस कधी?"

"पुढच्या फेरीला!"

नवरा होता तोवर ही नुसती थट्टा होती. तो गेल्यावर मात्र मायकनला भीती वाटू लागली. प्रेबेन तिला आवडायचा, अगदी मनापासून. पण उतरले आणि ही थट्टाच संपली तर? त्यापेक्षा कपबश्यांचं निमित्त बरं.

आज तिने निळा कोट चढवला, ओठांना थोडा रंग लावला आणि स्वयंपाकघराकडच्या उतरायच्या फळीवरून खाली उतरली. डेन्मार्कची जमीन पहिल्यांदाच पायाखाली आली होती.

दोरापाशी कुणी भलताच माणूस उभा होता.

"प्रेबेन कुठाय?"

"अहो, तो आत्ताच पुढच्या फळीवरून बोटीत चढला की! बावीस वर्षांत पहिल्यांदा. हातात ट्यूलिपची फुलं. म्हणाला, आज तिचा शेवटचा दिवस, ती काही उतरायची नाही, आता मीच जातो."

तेवढ्यात भोंगा वाजला. फळ्या आत गेल्या. बोटीच्या कठड्याशी तपकिरी कोटातला, केस चापून बसवलेला एक म्हातारा धावत आला. रेनकोट नसल्यामुळे तिने त्याला क्षणभर ओळखलंच नाही.

"अगं, तू खाली काय करतेस?"

"तुझी कॉफी प्यायला आले, मेल्या! आणि तू?"

"तुझं गरम पाणी प्यायला!"

मधलं पाणी रुंदावत गेलं. प्रेबेनने फुलं काखेत मारली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला,

"पुढच्या फेरीला!"

मायकन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दोरवाल्याने एक स्टूल आणि थर्मास पुढे केला.

"बसा. त्याचंच आहे हे. बोट दिसेपर्यंत इथेच बसून असायचा."

स्टुलाची फळी झिजून मधोमध खोल झाली होती. मायकन त्यावर बसली. कॉफी कडू होती, पण खरंच चांगली होती. आपली बोट येताना कशी दिसते, हे तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. कोटाची बटणं लावून ती वाट बघत बसली.