बेंबीचा खांब

"पाऊल ठेवलं नाही तोच बेंबी कण्हली गं बाई!"

बावीस वर्षं झाली, तरी तो आवाज तुंगकेच्या कानातून गेला नव्हता. नवरी होऊन ती शिडी चढून खांबांवरच्या त्या घरात आली आणि घराचा मधला खांब, सगळे ज्याला घराची बेंबी म्हणतात तो, करकरला. वऱ्हाडातली कुणी म्हातारी बोलून गेली. पुढे तान्हं लेकरू गेलं. मग तेंपे तळ्यात नावेसकट नवरा, लासक्का, गेला. दर वेळी गावाला त्या म्हातारीचे शब्द आठवले.

आता तोच खांब बुडाशी कुजला होता. घर मधोमध खचलं होतं, बसल्या जागी तिचा विणायचा माग घसरत होता. खाली तळं रोज चार बोटं चढत होतं. या घराच्या बेंबीला हात लावायला एकही सुतार तयार होईना. दीर लामाद्दु दारातूनच सांगून गेला, "वहिनी, शुक्रवारी माणसं आणतो. घर उतरवू, लाकूड वाटून घेऊ. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरामागे पडून राहा. भांड्यांना दोन हात होतील."

आज बुधवार होता.

तुंगकेने जन्मात खिळा ठोकला नव्हता. रेशमाचा तुटला धागा सांधणारी बोटं तिची. सासऱ्यांनी मात्र शंभर घरं उभी केली होती. गाव त्यांना अंबो म्हणे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता, जीभ तेवढी धारदार राहिली होती. ते शिडीच्या पायरीवर बसून सांगत, ती खाली चिखलात राबे.

"करवत आहे ती, शत्रूची मान नव्हे! दाबू नकोस. तिच्या वजनानं चालू दे तिला."

ट्रकवाल्याकडून मागून आणलेला जॅक तिने फळीवर ठेवला आणि मधली तुळई केसाकेसाने उचलली. कुजलेला बुंधा गुडघ्याएवढ्या उंचीवर कापला. नवा तुकडा घेऊन त्याच्या टोकाचं अर्धं लाकूड काढलं, वरच्या खांबाचं अर्धं काढलं, दोन तळहात जुळावेत तसे दोन्ही जुळवले. संध्याकाळी सांधा बसला तेव्हा ती चिखलातच हसली.

"मूळ कुठलं?" अंबोंनी विचारलं.

"कशाचं?"

"लाकडाचं. झाडाला मूळ असतं ना? मूळ खाली, शेंडा वर. तसा माणूस, तसं घर. काढ तो तुकडा. मधोमध दोरी बांधून टांग. जड टोक झुकेल, ते मूळ."

तिने टांगला. अर्धं लाकूड काढलेलं टोकच खाली झुकलं. म्हणजे तिने मूळ वर केलं होतं.

"अंबो, घराखाली कोण वाकून बघणार आहे?" तिला रडू फुटलं. "पाणी आलं हो खांबाशी."

अंबोंनी तळ्याकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "उलटं लाकूड पाणी पितं. पुन्हा काप."

गुरुवारी पाणी घोट्याला लागलं. छिन्नी सटकून अंगठा फाटला. तो चिंधीत बांधून तिने दुसऱ्या टोकाला सांधा कोरला. आधीचं कोरलेलं टोक कापून टाकल्यानं तुकडा चार बोटं आखूड भरला. घालायला दगड नव्हता. तिने वर जाऊन मिरच्या वाटायचा आपला पाटा उचलून आणला, लासक्काने आणून दिलेला, आणि पाण्यात हात घालून खांबाखाली सरकवला. सांध्यात लाकडी पाचर ठोकली. मग डोळे मिटून जॅक सैल केला.

घराने भार टाकला. खांब करकरला नाही.

शुक्रवारी सकाळी लामाद्दु सात माणसं घेऊन आला. वाकून त्याने सांधा पाहिला, लाथ मारून पाहिली.

"बसलाय खरा," तो म्हणाला. "पण खांब बदलला म्हणून पाऊल बदलतं का? हिच्या पावलानं बेंबी कण्हली, ती माझ्या भावाला घेऊन गेली. आज हा तुकडा, उद्या दुसरं काही. चला रे, छपरापासून सुरू करा."

माणसं शिडीकडे वळली. तुंगके बांधलेला अंगठा मुठीत धरून खांबाला पाठ लावून उभी राहिली.

पायरीवरून अंबो हलले नाहीत. वाट अडवून बसले.

"बाजूला व्हा, अंबो."

"लामाद्दु," ते म्हणाले, "हिच्या लग्नाला तीन दिवस होते. खांब उभा केल्यावर मला कळलं, मूळ वर गेलंय. काढला असता तर मुहूर्त टळला असता, शंभर घरांच्या सुताराचं हसं झालं असतं. मी गप्प बसलो. ती म्हातारी बोलली तेव्हाही गप्प बसलो. तुंगके, पोरी, तुझ्या पावलानं काही झालं नव्हतं. बेंबी मीच उलटी रोवली होती."