टँटी फिलोचा नीरफणस

मिस अनेलीसच्या ओट्यावरून समुद्र दिसत नव्हता. मधे टँटी फिलोचा नीरफणस होता.

टँटी फिलो ही माझ्या नवऱ्याची, लेनॉक्सची आत्या. वय चौऱ्याहत्तर, राहते रस्त्याच्या पलीकडे. झाडाखालची जमीन तिच्या भावाने लंडनला बसल्या बसल्या मिस अनेलीसला विकली, आणि कागदावर झाडही जमिनीबरोबर गेलं. पण त्या झाडाखाली टँटीची नाळ पुरलेली आहे हे कुठल्या कागदावर लिहितात? आमच्या कॅरियाकू बेटावर बाळाची नाळ पडली की ती मातीत पुरायची आणि वर रोप लावायचं. मग ते झाड त्या माणसाचं, जमीन कुणाची का असेना. हे आमच्या गावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. मिस अनेलीस हॉलंडहून येऊन चारच महिने झाले होते. तिला कोण सांगणार?

ती झाड तोडायला माणूस शोधू लागली.

कॉसमॉस म्हणाला, "जरूर तोडला असता, मिस अनेलीस, पण गुडघा फार धरलाय."

एग्बर्ट म्हणाला, "करवतीला धार नाही."

फिट्झरॉयने आभाळाकडे पाहिलं. "चंद्र वाढतोय. वाढत्या चंद्रात तोडलेलं लाकूड किडतं."

नाही म्हणायच्या आमच्या या रीती. कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण मिस अनेलीस सरळ बाई. तिने कॉसमॉसला मलम आणून दिलं, एग्बर्टची करवत हिल्सबरोला पाठवून धार लावून आणली आणि स्वयंपाकघरात चंद्राच्या कलांचं कॅलेंडर टांगलं. कॉसमॉस आमच्या दारात येऊन गुडघा खाजवत म्हणाला, "गुडघा कधीच दुखत नव्हता गं. आता मलमाने आग होतेय."

टँटी मात्र रोज सकाळी मिस अनेलीसच्या अंगणात शिरून झाडाखालचा पाचोळा झाडायची, सत्तर वर्षं झाडत आली तशी. मिस अनेलीसला वाटलं, शेजारीण किती मायेची. तिने टँटीला बिस्किटांचा डबा दिला. टँटीने तो घेतला.

"बाई वाईट नाही," ती मला म्हणाली. "बिस्किटं तेवढी मऊ पडलीत."

"मग सांग ना तिला, टँटी."

"मी सांगू? जमीन तिची. माझंच झाड मी पदर पसरून मागू?" तिने माझ्या कडेवरच्या लेकीचं, जेनेलचं नाक पुसलं. "शनिवारी मी बहिणीकडे जाणार आहे. पलीकडच्या बेटावर, पेटीट मार्टिनिकला."

मला कारण ठाऊक होतं. त्याच आठवड्यात, गुरुवारच्या बोटीने मिस अनेलीसची स्वतःची यांत्रिक करवत आली होती आणि शनिवारी ती स्वतःच झाड पाडणार होती. टँटी नऊ वर्षांत होडीत बसली नव्हती, कारण धक्का सुटायच्या आत तिला उलटी होते. आणि आता ती होडीत बसायला तयार होती, का, तर तो आवाज कानावर पडू नये.

शुक्रवारी दुपारी जेनेलला झोपवायचं सोडून तिला तशीच कडेवर घेतली आणि निघाले. फाटकाशी थांबून हाक दिली, "आहे का कुणी आत?" आमच्याकडे असंच करतात. दार फक्त पोलीस ठोठावतात. मिस अनेलीसने आल्या आल्या आमचं दार ठोठावलं होतं, तेव्हा लेनॉक्स काही गुन्हा नसताना मागच्या दाराने पळाला होता.

ती हातमोजे घालून ओट्यावर बसली होती. समोर करवतीचं माहितीपुस्तक.

"ये. हे तेल कुठे घालायचं, कळतंय का तुला?"

"मिस अनेलीस, ते झाड टँटी फिलोचं आहे."

"झाड? जमीन तर मी घेतली. कागद आहेत माझ्याकडे."

आमच्या पद्धतीने बोलायचं तर पावसापासून सुरुवात करून तासाभराने झाडाशी पोचायला हवं होतं. पण जेनेल माझं कानातलं ओढत होती आणि तेवढा वेळ नव्हता. मी सगळं सरळ सांगून टाकलं. नाळेचं सांगितलं, शनिवारच्या होडीचं सांगितलं.

"हिच्या नाळेवर मी माड लावलाय," मी म्हणाले. "वीतभर आहे अजून. परवा शेळीने त्याचं पान खाल्लं, तर मी तासभर रडत बसले. लेनॉक्सला वाटलं, कोणी गेलं की काय."

मिस अनेलीसने एक हातमोजा काढला. मग दुसरा. तिचे कान लाल झाले होते.

"चार महिने," ती म्हणाली. "तीन माणसं माझ्याशी खोटं बोलली. आणि ती बाई रोज माझ्या अंगणात येते, तीही बोलली नाही."

"खोटं नाही बोलले. तिघेही नाहीच म्हणाले. तुम्हाला ते ऐकू आलं नाही."

"गुडघा दुखतो म्हणजे नाही?"

"कॉसमॉसचा गुडघा म्हणजे नाहीच."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "आणि मी तिला बिस्किटं दिली. तिच्याच झाडाखाली तिनेच झाडलं म्हणून." मग उठली आणि चप्पल शोधू लागली.

टँटीच्या फाटकाशी जाऊन तिने हाक मारली. बरोबर मारली, फक्त जरा जास्तच मोठ्याने. टँटी आत होती, खिडकीतून मला दिसत होती, पिशवी भरत होती. तिने मिस अनेलीसला भर उन्हात चांगलं उभं ठेवलं. मग बाहेर आली.

"मिस फिलो," मिस अनेलीस म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. तुमच्या झाडाला विचारायला आले."

टँटीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "झाड काय बोलणार? मला विचार."

"तुम्हाला विचारते."

"समुद्राच्या बाजूच्या दोन खालच्या फांद्या," टँटी म्हणाली. "त्यांना फळ धरत नाही, नुसत्या पसरल्यात. तेवढ्या काढ. आणि ते यंत्र नको. एग्बर्टच्या करवतीला म्हणे आता धार आहे."

शनिवारी तिघेही सकाळी सातला हजर. कॉसमॉस गुडघ्याचा विचारही न करता झाडावर चढला. फिट्झरॉयला मिस अनेलीसने कॅलेंडर आणून दाखवलं, चंद्र आताही वाढतच होता. "फांद्यांना चालतं," तो म्हणाला. मी जेनेलला चादरीवर ठेवून खाली पडलेले नीरफणस सोलत होते. नारळाच्या दुधात, खारवलेल्या मांसाबरोबर मोठं पातेलं चढवायचं होतं. टँटीची पिशवी पुन्हा रिकामी झाली होती आणि ती मिस अनेलीसच्या ओट्यावर खुर्ची टाकून हुकूम सोडत होती.

दुसरी फांदी पडली आणि समोर पाणी उघडलं. आधी निळं, मग खडकांच्या रांगेपाशी पांढरं, आणि त्याच्या पलीकडे पेटीट मार्टिनिक.

टँटी खुर्चीतून उठली. जन्मभर ती या झाडाच्या बुंध्याशीच उभी राहिली होती. ओट्यावरून कधी पाहिलंच नव्हतं.

"ते बहिणीचं घर," ती म्हणाली. "लाल छपराचं. तिने पुन्हा कपडे रात्रभर बाहेर ठेवलेत. कॉसमॉस, ती डावीकडची फांदीपण काढ रे. चर्चचा कळस अडतोय."

कॉसमॉसने करवत लावली.

"नाही," मिस अनेलीस म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. इतकं सरळ "नाही" आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"दोन ठरल्या होत्या. तिसरी नाही," ती म्हणाली. "हे झाड मिस फिलोचं आहे."

"अगं, मीच मिस फिलो."

"ठाऊक आहे. तरी नाही."

टँटीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कॉसमॉस, खाली ये बाबा," ती म्हणाली. "तुझा गुडघा दुखतोय."