बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझी कवळी ताटात पडो!

एक होते शिंपीमास्तर. दिवसभर सुईशी खेळायचे, पण डॉक्टरची सुई दिसली की दाराकडे पळायचे. उतारवयात त्यांना साखर जडली, पाठोपाठ बायकोलाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या तपासणीला साखर उतरली नाही, तर रोज इन्शुलिन टोचावं लागेल." मास्तरांना तिथंच दरदरून घाम.

त्याच दवाखान्यात अभ्यास चालला होता: व्हिटॅमिन के घेतल्यानं मधुमेहाला उतार पडतो का? काही बाटल्यांत खरं व्हिटॅमिन, काहींत नुसती दिखाऊ गोळी. कुणाला काय मिळालं ते सांगायचं नाही. बुडत्याला काडीचा आधार! मास्तरांनी आपलं नाव दिलं, बायकोचंही दिलं.

आता, एका मापाची, एका रंगाची बटणं एकाच डब्यात ही मास्तरांची जन्माची सवय. घरी येताच दोन्ही बाटल्या एका रिकाम्या डब्यात ओतल्या, बाटल्या दिल्या फेकून.

"अहो, माझ्या कुठल्या नि तुमच्या कुठल्या?" बायको किंचाळली.

"सारख्याच तर आहेत!"

"तुम्ही नि तुमचा भाऊही सारखेच दिसता. कामाचा एकच आहे."

"कोण?"

"ते सांगायचं नाही. अभ्यासाचा नियम आहे."

झालं, मास्तरांचं डोकं भणभणलं. रोज वाटायचं, आज नक्की खोटी गिळली. त्या धास्तीनं चहातली साखर सुटली, जेवल्यावर गल्लीत येरझाऱ्या सुरू झाल्या. बायकोही मागोमाग, बडबडत.

तपासणीत साखर उतरलेली, दोघांचीही! "सध्या इन्शुलिन नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांना हायसं वाटलं, पण मन खायला लागलं. डब्याचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मग दोघांनाही अभ्यासातून काढलं, उरलेल्या गोळ्या परत मागवल्या.

"पण साखर उतरली कशानं?"

"आता कसं सांगणार?"

"खरी गोळी कुणाची होती, तेवढं तरी?"

"मलाही ठाऊक नाही, मास्तर. अभ्यास संपेपर्यंत आम्हा डॉक्टरांपासूनही लपवतात."

"तुम्हालाही?"

तेव्हापासून मास्तर काहीच सोडायला धजत नाहीत. फिरतात, फिका चहा पितात, आणि गोळीच्या वेळेला नुसतंच पाणी गिळतात. न जाणो, पाण्यानंच उतरली असेल!

बरं, एवढं कबूल करते: डॉक्टरीणबाई हसल्याबिसल्या नाहीत. चांगलं फैलावर घेतलं त्यांनी. हसू माझ्या पदरचं.