अंधाराची किंमत शून्य

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आधीच सांगते. ठेवलात तर मीच चाट पडेन. पण पोरांनो, ज्या पायरीवर बसून तुम्ही पाय हलवताय ती पायरी, हे घर, तुमच्या आजीचा तो करकरणारा झोपाळा, सगळं मी वाचवलंय. तेही एका गणितानं.

वीजखात्यात फायली हलवण्यात माझी हयात गेली. आणि निवृत्ती दारात आल्यावर मला शिकायला बसवलं! पुढच्या तीस वर्षांत देशाला किती वीज लागेल, ती कुठून आणायची, याचं संगणकावर मॉडेल करायचं. तरुणांनी अंग चोरलं, म्हणून म्हातारीला पुढे ढकललं. शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मावशी, आपण भविष्य सांगत नाही. चार वेगवेगळी भविष्यं मांडतो, आणि आपला निर्णय प्रत्येकात तग धरतो का ते बघतो."

माझ्या पहिल्या मॉडेलचं उत्तर आलं: काहीच बांधू नका, सगळ्यांची वीज तोडा, हेच सर्वांत स्वस्त. बाई पोट धरून हसली. अंधारात बसणाऱ्यांच्या हालांची किंमत भरायला मी विसरले होते. रकान्यात शून्य! मॉडेलला वाटलं, अंधार फुकट असतो.

शिकून परतले, तर साहेब वाटच बघत होते. त्यांना नदीच्या वळणावर टोलेजंग वीजकेंद्र हवं होतं. म्हणजे बरोब्बर इथं, माझ्या ताईच्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, स्वयंपाकघरावर. माझ्या चारपैकी एकाच भविष्यात ते लागत होतं, विजेची मागणी वारं प्यायल्यासारखी उधळली तरच. बाकी तिन्हींत ते नुसतं उभं राहून लोकांच्या बिलांवर पोसलं जाणार. जुन्या तारा बदलणं आणि वीज साठवणं मात्र चारही ठिकाणी टिकत होतं.

"ती तीन पुसून टाका," साहेब म्हणाले.

"नाही पुसणार."

"अहो बाई, मंत्र्यांना चार-चार भविष्यं नको असतात."

"मग ज्योतिषी गाठून द्या त्यांना."

"तुमची निवृत्ती जवळ आलीये, विसरू नका."

"म्हणून तर जीभ सुटलीये!"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "भर बैठकीत मीच पुसतो." बैठक भरली. त्यांचा हात कळफलकाकडे जायच्या आत मी ते जुनं शून्य परत भरलं आणि मॉडेल चालू केलं. झालं! त्यानं पहिली वीज तोडली ती त्याच इमारतीची. पंखे थांबले, उपसचिव लिफ्टमध्ये लटकले, सभागृहात काळाकुट्ट अंधार. खिडक्यांना जाड पडदे, स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

"घ्या, हा फुकटचा अंधार," मी म्हटलं. "कसा काय वाटतो?"

"किंमत भरा! वाट्टेल ती भरा!" साहेब घामानं निथळत ओरडले.

"आधी माझी चारही भविष्यं वाचा."

आणि काय सांगू, त्या अंधारात प्रोजेक्टरनं भिंतीवर चार रेघा लखलखीत उमटवल्या. साहेबांनी एकेक वाचली, वीजकेंद्राच्या प्रस्तावावर काट मारली, आणि...

"थांब गं," ताई दारातून म्हणाली. "लाईट गेली होती ना? मग प्रोजेक्टर काय तुझ्या जिभेवर चालला?"