पूजेत कोंडलेली पोथी

मित्रांनो, मी बाली बेटावरची ताडपत्राची एक जुनी पोथी आहे. लोखंडी कोरणीने माझ्या अंगावर एक काव्य कोरले गेले आणि अक्षरांत काजळी भरली गेली. माझ्या प्रत्येक श्लोकाच्या चारही ओळी एकाच मापाच्या. लघु कुठे आणि गुरू कुठे, हे आधीच ठरलेले. गणिताशिवाय माझे पानही हलत नाही.

माझे पहिले मालक संध्याकाळी मला गात. शेजारी बसलेले एक आजोबा अर्थ सांगत. एखादा लघु ताणला गेला, की ऐकणारे लगेच टोकत. फार सुखाचे दिवस होते ते.

मालक वारले आणि त्यांच्या मुलाने, वायान गेदिरने, मला पांढऱ्या कापडात बांधून देवघरातल्या पेटीत ठेवले. मी पवित्र झाले आणि तिथेच माझे नशीब फुटले. सरस्वतीच्या सणाला तेवढे मला बाहेर काढत, फुले वाहत, तीर्थ शिंपडत. पण आमच्याकडे नेमकी त्याच दिवशी वाचायला मनाई असते. इतर दिवशी वाचता येते, तर तेव्हा मी पेटीत. अंधारात माझा जीव गुदमरे. कसर मात्र सणवार पाळत नव्हती, ती मला रोज खाई. आणि माझी दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एकदा सणाच्या दुसऱ्या दिवशी गेदिरची पुतणी वार्सिकी आली. ती शाळेत गणित शिकवते.

"काका, मनाई काल संपली. आता तरी सोडा तिला."

"पूजेची वस्तू आहे ती. तुझ्या फळ्यावरची गणितं नव्हेत."

"कसरीला बरी चालते पूजेची वस्तू."

गेदिरने गाठ सोडली. भोके बघून त्याचा चेहराच पडला. "आता काय वाचणार, कपाळ?"

वार्सिकीने एका भोकावर बोट ठेवले आणि त्याच श्लोकाच्या उरलेल्या तीन ओळी बोटांवर मोजल्या. "इथली तीन अक्षरं गेलीत. तीन अक्षरांच्या आठ तऱ्हा होतात, पण या वृत्तात इथे एकच बसते. लघु, लघु, गुरू. म्हणून बघा ना, काका."

गेदिर गुणगुणू लागला. वडिलांच्या मांडीवर ऐकलेली चाल होती ती. त्या जागी येताच हरवलेला शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्या भोकापाशी मात्र तो अडला. पुन्हा गायला, पुन्हा अडला.

"माप मिळालंय, काका. शब्द आठवा."

"तेव्हा बाबांना विचारलं नाही गं. आता कुणाला विचारू?"

नव्या ताडपत्रांवर माझी नक्कल करताना वार्सिकीने ती जागा कोरी सोडली. आता गाताना तिथे ती दोघे नुसता सूर धरतात. गणिताने जागा राखली, पण शब्द गेला तो गेलाच. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण बांधून ठेवली असेल, तर तिला आजच सोडा आणि वाचा. फुले उद्या वाहिली तरी चालतील.