‘सुदो’ म्हणणाऱ्या नासिमियूबाई

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी स्वतः तर कुणावरच ठेवत नाही. मी एक जुना संगणक आहे. केनियातल्या बुंगोमाजवळच्या एका लहान दवाखान्यात अकरा वर्षे क्षयाच्या रोग्यांच्या नोंदी सांभाळतो आहे.

माझ्याबरोबर मला द्यायच्या आज्ञांचे एक जाडजूड पुस्तक आले होते. ते उघडले फक्त नोंदी लिहिणाऱ्या नासिमियूबाईंनी. शिकवायला कुणी नव्हते, म्हणून दिसेल ते अक्षर त्या आपल्या स्वाहिलीसारखे वाचत. मला पूर्ण अधिकाराने काम सांगायच्या ज्या आज्ञेला (sudo) शहरातली माणसे ‘सूडू’ म्हणतात, तिला त्या ‘सुदो’ म्हणत. नोंदी शोधायच्या ‘ग्रेप’ या आज्ञेची, शेवटी स्वाहिली वळणाचा स्वर लागून, ‘ग्रेपी’ झाली. एन्टर दाबण्याआधी प्रत्येक ओळ त्या मोठ्याने दोनदा वाचत, कारण चूक दाखवायला दुसरे माणूसच नव्हते. आधी मला वाटले, ही बाई माझ्यावर मंत्र टाकते की काय!

परवा नैरोबीहून कियोको साहेब तपासणीला आले. बूट चकाचक. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

“बाई, हे कसं चालवता, सांगा बघू.”

“आधी सुदो, साहेब, मग…”

“काय? सुदो?” साहेब खो खो हसले. “अहो, साधं नाव घेता येत नाही! खरं सांगा, हे काम कोण करून देतं? भाचा की पुतण्या?”

“मीच करते.”

“थापा मारू नका. उद्यापासून इथं माझा माणूस येईल.” तसे त्यांनी वहीत लिहूनही टाकले.

बाईंचा चेहरा उतरला. अकरा वर्षांची त्यांची मेहनत माझ्या पोटात होती, पण मला विचारतो कोण? मला फार वाईट वाटले.

मग साहेब स्वतःच माझ्यातला जुना कचरा, म्हणजे नको झालेल्या फायली, पुसायला बसले. बोटे भराभर चालली. मागे उभ्या बाई सवयीने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचू लागल्या, “सुदो…” आणि एकदम ओरडल्या, “थांबा! हात काढा! नावाच्या मध्ये रिकामी जागा सुटलीय, कचऱ्याबरोबर सगळ्या नोंदीही पुसल्या जातील!”

साहेबांनी ओळ पाहिली. त्यांना दरदरून घाम फुटला. ओळ पुसली आणि मग वहीतले ते पानही फाडले.

“हे तुम्हाला शिकवलं कुणी, बाई?”

“पुस्तकानं. पण पुस्तक बोलून दाखवत नाही ना, साहेब.”

मित्रांनो, माझ्या कळांवरची धूळ पुसा, आणि एकट्याने वाचून शिकलेल्या माणसाच्या उच्चाराला हसू नका. कियोको साहेबांविषयी माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. पण पुढची ओळ त्यांनी एन्टर दाबण्याआधी मोठ्याने दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा ‘सुदो’च म्हणाले.