डावी बाजू

साल अठ्ठावन्न. डोळ्यांच्या डॉक्टरने नापास केलं तेव्हा पनवेलच्या ट्रकमालक बद्रुद्दीन शेठने काशिराम ड्रायव्हरला समोर बसवून सांगितलं, "आता गाडी तुझ्या हातात देता येत नाही. उस्ताद हो, नव्यांना शिकव. नाहीतर घरी बस."

घरी म्हणजे गव्हाणला. तिथे आता कोणी नव्हतं. बायको, हौसा, जाऊन सात महिने झाले होते. काशिराम घरी आंघोळीपुरता जाई आणि झोपायला ट्रकच्या अड्ड्यावर येई. त्या घरात दिवसभर बसण्यापेक्षा त्याने उस्ताद व्हायचं कबूल केलं.

पण वीस वर्षं गाडी चालवली म्हणून शेठकडे कोणी उस्ताद होत नसे. आधी आठ दिवस म्हातारा मुनाफभाई त्याला शिकवायला शिकवी. त्याची रीत एकच. जुन्या ड्रायव्हरने डावीकडे बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबून. स्टिअरिंग नव्या माणसाकडे. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, तेही वेळेआधी. हात बाहेर आला की नापास. मुनाफभाई मागे मालाच्या हौद्यात बसून केबिनच्या मागच्या खिडकीतून बघे.

"उस्तादाचे हात म्हणजे त्याची जबान, मियाँ," तो म्हणे.

काशिरामला तीच नव्हती. गाडीत बसला की त्याचं तोंड मिटे, ते मुक्कामालाच उघडे. सात दिवस तो डावीकडे जवळजवळ मुका बसला. वळण आलं की त्याचा उजवा पाय समोरची फळी दाबी.

"फळी मोडंल ना काशिरामदादा! तिला बिरेक नाय!" जगन हसे. हा नवा ड्रायव्हर तिशीचा होता, मिठागरावर बैलगाडी हाकून आलेला.

काशिराम हसत नसे. त्या फळीवर चार-पाच ओरखडे होते. जोडव्यांचे.

सात महिन्यांपूर्वीही गाडी हीच होती. हौसाच्या पोटात कळा येत होत्या आणि तो तिला ठाण्याला दवाखान्यात नेत होता. ती याच जागी बसून फळीवर पाय रेटत होती. त्याला वाटलं, वेगाला घाबरते. मुंब्र्याच्या अलीकडे ती म्हणाली, "अवो, बोला ना कायतरी."

तो बोलला नाही. रस्ता बघत राहिला. ठाण्याला दार उघडलं तर ती गेलेली होती. मुंब्र्याला गेली की कळव्याला, ते शेजारी बसलेल्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर त्या रस्त्याला त्याने गाडी घातली नव्हती.

आठव्या दिवशी परीक्षा होती. पुण्याहून गूळ भरून परत येताना खंडाळ्याचा घाट उतरायचा होता. मुनाफभाई मागे ढेपींवर बसला.

"आज बोलला नाहीस तर शेठला नाही म्हणून सांगेन," तो खिडकीतून म्हणाला. "बुरा मानू नकोस."

पहिली दोन वळणं नीट गेली. काशिराम गप्पच होता. तिसऱ्या उताराला जगनने गियर उतरवायला घेतला, उशिरा. दांडा मधेच अडकला. इंजिनाचा आवाज एकदम पडला आणि मोकळी सुटलेली गाडी धावू लागली.

काशिरामचे हात मांडीखालून निघाले होते. पाय फळीवर होता, ओरखड्यांवर. त्या शांततेत कानाशी, अगदी खांद्याजवळ, कोणीतरी म्हणालं, "अवो, बोला ना."

त्याने हात परत दाबले.

"जगन, माझं ऐक. बिरेक दाब. धरून नको ठेवू, सोड. परत दाब. हां. आता क्लच. सोड नि रेस दे. अजून दे. परत क्लच. टाक दुसरा!"

दातावर दात घासल्यासारखा आवाज झाला. इंजिन ओरडलं आणि गाडी जड झाली. वळण हळूहळू समोरून सरकलं.

"शाबास, उस्ताद," मुनाफभाई मागून म्हणाला.

पण काशिराम थांबला नाही. पुढचं वळण सांगितलं, त्यापुढचं सांगितलं. खोपोली आली, रस्ता सपाट झाला, तरी तो सांगतच होता. हा पूल, ही चिंच, इथे पावसात चिखल होतो, घाबरू नको, मी हाय.

"दादा, आता बोललं नाय तरी चालंल," जगन घाम पुसत म्हणाला. "मी तं कवाच घाबरत नाय."

काशिरामने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो फळीकडे बघून बोलत होता.

अड्ड्यावर उतरल्यावर मुनाफभाईने विचारलं, "उद्यापासून जगन तुझा. गाडी कुठल्या रस्त्याने काढतोस?"

"ठाण्याच्या," काशिराम म्हणाला. "तिथं बोलायचं राह्यलंय."